पोटातला हेलिकोबॅक्टर: तपासणी, १४ दिवसांचा कोर्स आणि फेरतपासणी

सोलापुरात पोटात आग पडली की खापर शेंगाचटणीवर फुटतं, आणि मेडिकलमधून आणलेली पित्ताची गोळी महिनोन्महिने चालू राहते. आधीच सुजलेलं पोट चटणीने चुरचुरतं हे खरं. पण जठरात व्रण पडण्याची मोठी कारणं दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि दुखण्याच्या गोळ्या. विड्या वळून पाठ धरली, मागापाशी उभं राहून पाय भरून आले, की डायक्लोफेनॅक पोटात जातंच. दोन्ही कारणं एकत्र आली की रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो.

आत काय चालतं हे कळलं की पुढची पथ्यं जाचक वाटत नाहीत. पीळदार अंगाचा हा जंतू आम्लात फार वेळ थांबत नाही, अस्तरावरच्या चिकट थरात घुसतो. त्याचं युरिएज हे विकर (एन्झाइम) युरियापासून अमोनिया बनवतं, त्यामुळे भोवतालचं आम्ल निष्प्रभ होतं. काही वाण कॅग-ए नावाचं प्रथिन थेट आपल्या पेशीत सोडतात. पेशी इंटरल्युकिन-८ हा निरोप्या रेणू सोडून पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. त्या येतात, पण जंतू चिकट थरात शाबूत राहतो आणि मारा बसतो तो अस्तरालाच. अशी सूज वर्षानुवर्षं टिकते.

सूज कुठे आहे यावर पुढचं ठरतं. ती जठराच्या खालच्या टोकाला असेल तर आम्लाला आवर घालणारं सोमॅटोस्टॅटिन घटतं, आम्ल वाढवणारं गॅस्ट्रिन वाढतं, आणि जादा आम्लाने लहान आतड्याच्या तोंडाशी व्रण पडतो. ती मधल्या मोठ्या भागात पसरली तर आम्ल बनवणाऱ्या ग्रंथीच झिजतात. कर्करोगाची वाट या बाजूने जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्येच या जंतूला कर्करोगकारक ठरवलं. तरी घाबरून जायचं कारण नाही, लागण झालेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. पोटाची तक्रार हटत नसेल, व्रण सापडला असेल, कारण न कळता लोह कमी असेल किंवा घरात जठराचा कर्करोग झाला असेल, तर तपासणी करावी.

बहुतेकांची चूक इथेच होते. पित्ताची गोळी (पँटोप्राझोल, ओमेप्राझोल) चालू असताना तपासलं तर जंतू दबलेला असतो आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. म्हणून या गोळ्या २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद हवं. मात्र रक्तस्रावी व्रण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. श्वासाच्या तपासणीला उपाशीपोटी जा: एकदा पिशवीत फुंकायचं, युरियाचं द्रावण प्यायचं, ठरलेल्या वेळेनंतर पुन्हा फुंकायचं. शौचातली अँटिजेन (जंतूचे अंश शोधणारी) तपासणीही तितकीच कामाची, फक्त पातळ जुलाबाचा नमुना देऊ नका. रक्तातल्या अँटिबॉडीवर पैसे घालवू नयेत. लागण आत्ताची की जुनी, हे त्यातून कळत नाही. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं किंवा वजन उतरणं यांपैकी काही असेल तर थेट दुर्बिणीची तपासणी करून घ्या. तिथे अस्तराचा तुकडा पिवळ्या जेलमध्ये टाकतात. जंतू असला तर अमोनियामुळे जेल गुलाबी होतं.

उपचार १४ दिवसांचा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकांना आपल्याकडचे बरेच जंतू दाद देत नाहीत, त्यामुळे बिस्मथ घातलेला चार औषधांचा कोर्स अनेकदा निवडतात: आम्ल कमी करणारी गोळी दोनदा, बिस्मथ, टेट्रासायक्लिन ५०० मिलिग्रॅम चार वेळा आणि मेट्रोनिडॅझोल, जे या जोडीत दाद न देणाऱ्या जंतूंवरही बऱ्यापैकी चालतं. आम्लाची गोळी जेवणाआधी अर्धा तास. टेट्रासायक्लिनच्या आगेमागे २ तास दूध, दही, ताक, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी नको, नाहीतर ते शोषलंच जात नाही. गरोदर बाईला आणि ८ वर्षांखालच्या मुलाला हे औषध देत नाहीत. मेट्रोनिडॅझोलवर दारू पूर्ण बंद. तोंडाला धातूची चव येते, ती कोर्स संपला की जाते. बिस्मथने शौच काळपट होते. चक्कर नसेल, शौच चिकट आणि उग्र वासाची नसेल, तर तेवढ्यावरून धास्ती नको. पाचव्या-सहाव्या दिवशी आग थांबते आणि तिथेच बरेच जण गोळ्या सोडतात. उरलेले जंतू मग औषधाला सरावतात.

कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी, पित्ताची गोळी २ आठवडे बंद ठेवून, श्वास किंवा शौच पुन्हा तपासा. बरं वाटतंय म्हणजे जंतू गेला असं नाही. जंतू शिल्लक निघाला तर जुनी चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा: पहिल्या कोर्समध्ये क्लॅरिथ्रोमायसिन दिलं असेल तर दुसऱ्यात ते पुन्हा वापरत नाहीत.