ड्रेसाज अरीनाची तयारी: रेतीवाल्याला फोन सगळ्यात शेवटी

ड्रेसाजचा, म्हणजे घोड्याला ठरलेल्या चाली आणि आकृत्या करायला लावणाऱ्या घोडेस्वारीचा, अरीना (रेतीचं मैदान) करायचा म्हटलं की लोक पहिला फोन रेतीवाल्याला लावतात, आणि नेमका तोच फोन शेवटी करायचाय. आपल्याकडे मुंबईत वर्षाला २००० मिमीच्या वर पाऊस पडतो आणि जवळपास सगळा चार महिन्यांत, त्यामुळे यादीतलं पहिलं काम पाण्याचं. भर पावसात छत्री घेऊन जागेवर जा, पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, सर थांबल्यावर किती वेळ राहतं ते बघा, मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, कारण मार्चमध्ये सगळीच जमीन छान दिसते.

मग माप. पूर्ण अरीना २० बाय ६० मीटर, जागा नसेल (इथे नसतेच) तर २० बाय ४० वर भागतं, पण चारी बाजूंनी खुणेच्या अक्षरांच्या पाट्यांसाठी आणि चालायला थोडी पट्टी धरा. दिवाळीनंतर वरची काळी माती काढून टाका, मुरूम टाकून रोलर फिरवा आणि उतार द्या, १ टक्का पुरतो, म्हणजे मधली लाईन उंच ठेवली तर कडेपर्यंत १० सेंटीमीटर उतार. डोळ्यांनी नको, लेव्हल लावून. बाहेरून येणारं पाणी आत शिरू नये म्हणून चारी बाजूंनी चर, त्यात भोकं पाडलेला पाइप आणि खडी, आणि तो पाइप पुढे कुठे सोडणार हे आधी ठरवा, नाहीतर शेजाऱ्याशी भांडण ठरलेलं.

मुरमावर जिओटेक्स्टाईल (पाणी झिरपू देणारं जाड कापड), त्यावर खडी आणि वर बारीक कच, दाबून ६ इंच भरलं पाहिजे. ६० मीटरच्या अरीनाला साधारण १२,९०० चौरस फूट होतात, म्हणजे खडी ६५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), आणि दाबल्यावर बसते म्हणून मागवताना जास्तीची. पैसा वाचवायचा तर कुठेही वाचवा, इथे नको, कारण खडी वर आली की घोड्याच्या तळव्याला लागते आणि तेव्हा वरची सगळी रेती उचलावी लागते. हे मेपर्यंत उरका आणि एक अख्खा पावसाळा बेसवरून जाऊ द्या, जिथे खचेल तिथे भरून परत रोलर. घाई असलेल्यांना पटत नाही हे, पण फुकटात एवढी कडक टेस्ट दुसरी कोण करून देणार.

आता रेती, दसऱ्यानंतर. खाडीची नकोच, खारट असते, लोखंडाला गंज, वर शिंपल्यांचा चुरा, आणि उपशाची भानगड वेगळीच. नदीची गोल दाण्याची असते, टापेखाली सरकते. क्रश सँडमध्ये भुकटी फार, ती उन्हाळ्यात धूळ होते आणि पावसात घट्ट बसते. हवी ती धुतलेली, मध्यम, थोड्या कोनदार दाण्याची सिलिका, कणकवलीकडे कासार्डेला निघते तशी. सँपल मागवा, बाटलीत अर्धी भरा, वर पाणी घाला, हलवा आणि ठेवून द्या. वर जाड चिखलाचा थर बसला किंवा पाणी तासाभरानेही गढूळच राहिलं तर नाही म्हणा. चांगलं सँपल पिशवीत जपून ठेवा आणि प्रत्येक डंपर रिकामा करण्याआधी त्याच्याशी ताडून बघा.

जाडी सुरुवातीला २ इंच, म्हणजे २१-२२ ब्रास. हावरटपणा नको, टाकणं सोपं, काढणं अवघड. ड्रेसाजचा घोडा मागच्या पायांवर वजन घेऊन काम करतो, पिरुएटला जवळपास जागच्या जागी फिरतो, खोल रेतीत स्नायुबंध ताणले जातात आणि कडक जमिनीवर सांधे हादरतात. ट्रॉट (दुडकी चाल) करून उतरा आणि ठसा बघा: कडा स्पष्ट, तळव्याची आणि बेडकीची (तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाची) खूण दिसतेय, पुढचं टोक किंचित रुतलंय, तर बरोबर. ठसा ढासळला तर कोरडी आहे किंवा दाणा गोल आहे, उमटलाच नाही तर अर्धा-अर्धा इंच वाढवत जा.

फायबर मिसळायचं की नाही? बजेट असेल तर रेती छान धरून ठेवतं, पण काढायची वेळ आली तर टाकणार कुठे हे आधी विचारा. रबराचा चुरा मी तरी घालणार नाही, आपल्या उन्हात वास मारतो.

पाण्याची सोय मात्र पक्की हवी, जुहूला लाटेजवळच्या ओल्या पट्ट्यावर चालणं आणि वरच्या भुसभुशीत रेतीत चालणं यातला फरक आठवा, फरक बराचसा ओलीचाच. ऑक्टोबर ते मे जवळपास रोज पाणी लागतं, म्हणून स्प्रिंकलर, टाकी आणि टँकरवाल्याचा रेट आधीच विचारून ठेवा. बोअरचं पाणी खारं असेल तर तपासून घ्या.

शेवटी सामान: रेती सारखी करायला ओढायचा हॅरो, रुंद फावडी, लीद उचलायचा काटा. लीद लगेच उचला, कुजली की रेतीत गाळ वाढतो. सईसला (घोडा सांभाळणाऱ्याला) दाखवून ठेवा की भिंतीलगतचा ट्रॅक आणि २० मीटरचं सर्कल रोज खोल होतं, तिथली रेती कडेला जमते, ती रोज आत ओढायची. आणि त्याच लॉटची दोन-तीन ब्रास रेती ताडपत्रीखाली बाजूला ठेवा, कोपऱ्यांना लागते.