उभ्या गाडीत बॅटरी कोण खातं?

"आत्ता दिवाळीत नवी टाकली होती हो, पुन्हा उतरली." गॅरेजला लागलात की पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे वाक्य तुमच्या कानावर येणारच. नाशिकला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतोय त्याला माझी सोळा वर्षं झाली. अजूनही आठवड्याला एखादी तरी अशी गाडी येते. चालवताना काही तक्रार नाही, पण दोन-तीन दिवस उभी राहिली की किल्ली फिरवल्यावर नुसतं टक-टक-टक. आयटीआय करून या कामात येणाऱ्या मुलांसाठी हे लिहितोय, कारण हा दोष कसा शोधायचा ते मला कोणी नीट दाखवलं नव्हतं आणि शिकेपर्यंत गिऱ्हाइकांचे पैसे वाया गेले.

ॲप्रेंटिस असताना आमच्याकडची पद्धत साधी होती. बॅटरी उतरली? नवी बसवा. एका शिक्षिकेच्या गाडीला मी दहा महिन्यांत दोन बॅटऱ्या बसवल्या. तिसऱ्यांदा त्या आल्या तेव्हा रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "बाळा, एकदा नीट बघशील का?" त्या दिवशी मी डिकी उघडली आणि आतल्या बल्बला बोट लावलं, तर चटका बसला. झाकण लावल्यावर दाबलं जाणारं बटण अडकलं होतं, त्यामुळे डिकी बंद असतानाही दिवा रात्रंदिवस जळत होता. पाच वॅटचा बल्ब म्हणजे साधारण 0.4 अँपिअर. दिवसाला दहा अँपिअर-अवर. त्यांची बॅटरी 35 अँपिअर-अवरची होती. तीन दिवस गाडी उभी राहिली की संपलीच. हा हिशोब मला शाळेत असल्यापासून येत होता, फक्त गाडीसमोर उभा राहून तो कधी मांडला नव्हता.

म्हणून गाडी आली की पहिल्यांदा हात बॉनेटकडे नेऊ नका, मालकाशी बोला. रोज किती किलोमीटर चालते? सलग किती दिवस उभी असते? गेल्या वर्षभरात बाहेरून काय काय बसवून घेतलं? टेप, कॅमेरा, जीपीएस, रिमोट लॉक, पायाखालचे रंगीत दिवे, काहीही. निम्म्या गाड्यांचं उत्तर मला या तिसऱ्या प्रश्नातच मिळालं आहे. दुसरा प्रश्नही सोडू नका. 2020 च्या लॉकडाउननंतर गॅरेज उघडलं तेव्हा दारात बॅटरी उतरलेल्या गाड्यांची रांग होती आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांत दोष काहीच नव्हता. कोणतीही चांगली गाडी उभी असताना थोडा करंट घेतेच, घड्याळासाठी, लॉकसाठी, कॉम्प्युटरच्या मेमरीसाठी. 30 मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला 0.72 अँपिअर-अवर होतात. 35 ची बॅटरी त्या हिशोबाने सात आठवड्यांत रिकामी होते, आणि सेल्फ मारण्याची ताकद तर त्याच्या कितीतरी आधी जाते. अशा मालकाला वायरिंग उघडून दाखवायची गरज नसते. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास चालवा, किंवा गाडी ठेवून बरेच दिवस बाहेर जाणार असाल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा, एवढं सांगितलं की काम झालं.

नंतर बॅटरी. ती पूर्ण चार्ज करा, चार-सहा तास विसावू द्या आणि मग मल्टीमीटरने मोजा. 12.6 ते 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली गेली तर उतरलेलीच समजा. चार्जरवरून काढल्याबरोबर मोजलंत तर मीटर 13 च्या पुढे दाखवेल आणि तुम्ही फसाल. मग एक रात्र निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. सकाळी व्होल्टेज तेवढंच असेल तर बॅटरीवरचा संशय बराच कमी होतो, खाणारं गाडीत आहे. तारा सुटलेल्या असूनही उतरली तर दोष बॅटरीच्या पोटात आहे. या चाचणीला मीटर आणि धीर सोडून काहीच लागत नाही, तरी फार थोडे जण ती करतात. बॅटरीचा माथाही बघा. ॲसिडचा ओलावा आणि धूळ मिळून दोन टर्मिनलांमध्ये करंटला वाट करून देतात. मीटरचं काळं टोक निगेटिव्हला लावून लाल टोक बॅटरीच्या प्लॅस्टिकवर फिरवलंत तर मळलेल्या बॅटरीवर चक्क व्होल्ट दिसतात. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडी केली की ते जातात. सोड्याचं पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नका.

चार्जिंग तपासायला वेळ लागत नाही. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 मिळालं, हेडलाइट आणि एसी लावूनही फार पडलं नाही, तर पुढे चला. नव्या काही गाड्यांत कॉम्प्युटर अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला, मुद्दाम कमी-जास्त करतो, त्यामुळे एकदा 12.9 दिसलं म्हणून लगेच अल्टरनेटर खोलू नका.

आता खरं काम. मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात घाला, बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि मीटर टर्मिनल व केबल यांच्यामध्ये जोडा. गाडीचा सगळा करंट आता मीटरमधून जाणार, म्हणून मीटर लावलेला असताना किल्ली फिरवायची नाही, सेल्फ तर नाहीच, नाहीतर मीटरचा फ्यूज गेला. हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ आधी काढून ठेवा. प्लस आणि बॉडी यांच्यामध्ये अंगठी आली तर ती बोटावरच तापते. मी एकाचं बोट बघितलं आहे.

दार उघडं ठेवून काम करायचं असेल तर दाराच्या कुलपाची जीभ स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला दार लागलं असं वाटतं. बॉनेटलाही स्विच असेल तर तोही दाबून ठेवा. किल्ली खिशात नको. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची रिमोट किल्ली तर चांगली दूर, ऑफिसात नेऊन ठेवा. आणि मग थांबा.

हे थांबणं मी सगळ्यात उशिरा शिकलो. निगेटिव्ह काढून पुन्हा जोडलं की गाडीतले सगळे कॉम्प्युटर जागे होतात. मीटर दोन अँपिअर, तीन अँपिअर दाखवतो आणि नवा मुलगा ओरडतो, "सापडलं!" काही सापडलेलं नसतं. पाच-दहा मिनिटांनी आकडा पायरी उतरल्यासारखा खाली येतो, पुन्हा थोडा थांबतो, पुन्हा उतरतो. जुनी साधी गाडी पाच मिनिटांत झोपते, नव्या गाडीला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. शेवटी 20 ते 50 मिलिअँपिअरच्या आसपास स्थिरावली तर गाडी ठीक आहे. शंभराच्या वर अडकून राहिली तर काहीतरी जागं आहे. तोपर्यंत चहा घ्या, दुसऱ्या गाडीचा हॉर्न दुरुस्त करा, पण दार उघडू नका. मध्येच कोणी मालकाची पिशवी काढायला दार उघडलं तर सगळं पहिल्यापासून.

जमलं तर डीसी क्लॅम्प मीटर घ्या. केबलभोवती अडकवला की निगेटिव्ह काढायची गरजच नाही, गाडी झोपलेली ती झोपलेलीच राहते. घेताना डबा नीट वाचा. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी करंट मोजतात, ते गाडीवर काही कामाचे नाहीत. आणि डीसी असला तरी तो मिलिअँपिअर दाखवतो का, ते दुकानातच विचारा.

करंट जास्त आहे एवढं कळलं, पण कुठे जातोय? जुनी रीत म्हणजे एकेक फ्यूज उपटून मीटरकडे बघायचं. साध्या गाडीत ती चालते. नव्या गाडीत फ्यूज उपटला, परत घातला की तो कॉम्प्युटर जागा होतो आणि तुमचा आकडा बिघडतो. म्हणून मी फ्यूज जागेवरच ठेवून मोजतो. फ्यूजच्या माथ्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोन ठिपक्यांना टोकं लावा. शून्य म्हणजे तिथून काही जात नाही. 0.2, 0.5 असं काही दिसलं तर करंट वाहतोय. फ्यूज जितका मोठा तितके त्याच करंटला मिलिव्होल्ट कमी, हे ध्यानात ठेवा. फ्यूजच्या अँपिअरप्रमाणे मिलिव्होल्टवरून करंट काढायचा तक्ता मिळतो, तो छापून टूलबॉक्सच्या झाकणाला चिकटवा.

मागच्या डिसेंबरात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आले. छोटी गाडी, वापर बाजार आणि देवदर्शनापुरता. दीड वर्षात दुसरी बॅटरी, आणि तिसऱ्या दिवशी गाडी बंद. चाळीस मिनिटं थांबल्यावरही मीटर 0.61 अँपिअरवर. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलाने टेपचा फ्यूज काढला आणि आकडा 0.02 वर आला. त्याचा चेहरा फुलला. "टेप खराब, बदलू."

मी त्याला तो फ्यूज परत घालायला लावला, गाडी पुन्हा झोपू दिली आणि माथ्यावरचे मिलिव्होल्ट घ्यायला सांगितले. 0.3. पंधरा अँपिअरच्या फ्यूजवर 0.3 म्हणजे जेमतेम साठ मिलिअँपिअर. मग उरलेला अर्धा अँपिअर? तो या फ्यूजमधून जातच नव्हता, तरी फ्यूज काढल्यावर थांबत होता. मुलगा गप्प झाला आणि बॉनेटकडे वळला. प्लस टर्मिनलच्या नटाखाली एक जाड लाल वायर दाबलेली होती, मध्ये स्वतःचा फ्यूज, आणि ती फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, आत गेलेली. तो गालिचा उचलत उचलत तिच्या मागे गेला आणि ड्रायव्हरच्या सीटखाली पोचला. तिथे ॲम्प्लिफायर. गाडी रात्रभर आमच्या दारात उभी, सकाळची थंडी, दाराचं हँडल गार पडलेलं, आणि ॲम्प्लिफायरची पाठ कोमट.

टेप बाहेर काढला तेव्हा सगळं उलगडलं. टेपच्या पिवळ्या वायरला कायम करंट लागतो, मेमरीसाठी. लाल वायर किल्लीवर यायला हवी. कोणीतरी लाल आणि पिवळी एकत्र पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली होती. काकांनीच सांगितलं, किल्ली न लावता भजनं ऐकता यावीत म्हणून त्यांनी तसं करून घेतलं होतं. बटणाने पडदा बंद व्हायचा, पण टेप आतून जागाच, आणि त्याच्या निळ्या वायरवरून ॲम्प्लिफायरलाही तो जागं ठेवायचा. लाल वायर किल्लीवर नेली, जोड सोल्डर केला, वर स्लीव्ह चढवली. थांबलो. 0.03.

इथे काम संपत नाही. पाच-सहा वेळा तळापर्यंत उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, आणि ते चार्ज करून पूर्ण जात नाही. काकांची बॅटरी चार्ज झाल्यावर 12.6 दाखवत होती, सेल्फ मारताना मात्र 8.9 पर्यंत कोसळली. चांगली बॅटरी तेव्हा 9.6 च्या वर राहायला हवी, दहाच्या वर राहिली तर उत्तम. म्हणजे बॅटरीही गेलेलीच होती, पण गाडीने ती मारली होती. हे मालकाला समोर मीटर दाखवून सांगा. काकांनी तीनदा विचारलं, मी तीनदा दाखवलं, मग त्यांनी नवी आणायला माणूस पाठवला.

फ्यूजमध्ये काहीच सापडलं नाही तर अल्टरनेटरकडे बघा. त्याची जाड वायर फ्यूज बॉक्समधल्या छोट्या फ्यूजांतून जात नाही. करंट एकाच दिशेने जाऊ देणारा आतला डायोड गळका असेल तर उभ्या गाडीत करंट उलटा परततो. बॅटरीचं निगेटिव्ह काढून मगच ती वायर सोडवा, टोक चिकटपट्टीने झाका, मग मीटर जोडा. आकडा पडला तर चोर तिथेच. रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच, चिकटलाय का हे कळायला त्याच्यावर बोट ठेवा, झोपलेल्या गाडीत तो गरम असायला नको. डिकी आणि ग्लव्ह बॉक्सच्या दिव्यासाठी फोनवर व्हिडिओ चालू करून फोन आत ठेवा, झाकण लावा, मिनिटाने काढून बघा.

काम झालं की मी बॅटरीच्या अंगावर मार्करने तारीख आणि उभ्या गाडीचा आकडा लिहितो. काका परवा हेडलाइटचा बल्ब बदलायला आले होते. बॉनेट उघडल्यावर माझ्याकडे शिकणाऱ्या त्याच मुलाने, कोणी न सांगता, क्लॅम्प अडकवला, गाडी बंद करून चाळीस मिनिटं थांबला आणि जुन्या आकड्याखाली नवी तारीख घालून पुन्हा 0.03 लिहिलं.