प्रोजेक्ट ग्रुप एकसंध होताना: या चुका टाळा

अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात गाइडने विषय मान्य केला आणि ‘कोडिंग तू कर, रिपोर्ट मी लिहितो, पीपीटी ती करील’ अशी वाटणी झाली, की प्रोजेक्टची घडी बसली असे बहुतेक ग्रुपना वाटते. सर्वांत महागात पडणारी चूक नेमकी इथेच होते. अशा वाटणीत चौघे शेजारी बसून चार वेगळी कामे करतात. शेवटच्या आठवड्यात ती कामे एकमेकांत बसत नाहीत आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, ब्लॅक बुकमधील (प्रोजेक्टच्या बांधीव अहवालातील) एखाद्या आकृतीवर बोट ठेवले, की तिघे चौथ्याकडे पाहू लागतात. त्यामुळे प्रत्येक भाग करणारा एक आणि तो स्वतः चालवून तपासणारा दुसरा, अशी जोडी सुरुवातीलाच ठरवावी. जोडणीही लवकर करावी. जमिनीतील ओलावा मोजण्याचा प्रोजेक्ट असेल, तर सेन्सरचा एखादा आकडा, कसाही ओबडधोबड का होईना, पहिल्या महिन्यातच मोबाइलच्या पडद्यावर दिसला पाहिजे.

मैत्री बिघडेल या भीतीने मतभेद गिळणे ही दुसरी चूक. मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी 1965 मध्ये मांडलेल्या गटाच्या वाटचालीच्या टप्प्यांत एकत्र येणे, खटके उडणे, रीत बसणे आणि काम वेग घेणे असा क्रम आहे. त्यांनी अभ्यासलेल्या लेखनात उपचारगटांचा (मानसोपचारासाठी एकत्र येणाऱ्यांच्या गटांचा) भरणा होता, म्हणून हा क्रम वेळापत्रकासारखा वापरू नये. मात्र खटके उडाले म्हणजे ग्रुप फसला, असे समजण्याचे कारण नाही. वाद विषयावर व्हावा आणि निर्णय त्याच दिवशी लिहून ठेवावा.

मधला काळ वाया घालवणे ही चूक फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. गटांच्या कामकाजाच्या अभ्यासक कॉनी गर्सिक यांच्या 1988 च्या अभ्यासात विद्यार्थ्यांचेही गट होते. पहिल्याच बैठकीत धरलेली पद्धत हे गट बराच काळ सोडत नसत आणि मुदतीच्या साधारण मध्यावर ती एकदम बदलत, असे त्यांना आढळले. मधला रिव्ह्यू केवळ स्लाइड सजवण्यात घालवणारे ग्रुप ही संधी गमावतात. त्या सुमारास एक बैठक फक्त ‘काय सोडून द्यायचे’ एवढ्याच प्रश्नासाठी ठेवावी.

कोणी काम करत नसेल, तर त्याला लगेच कामचुकार ठरवू नये. टाळ्या आणि आरडाओरडा यांवरच्या 1979 च्या प्रयोगांत, आपण समूहात आहोत असे वाटताच प्रत्येकाचा आवाज कमी झाला होता. पुढच्या प्रयोगांत, प्रत्येकाचा वाटा ओळखता येईल अशी खात्री दिल्यावर ही घट राहिली नाही. कोणत्या आठवड्यात कोणी काय केले याचा सामायिक तक्ता ठेवल्यास बराच फरक पडतो. अनेकदा त्या विद्यार्थ्याला त्याला झेपेल असे काम कोणी दिलेलेच नसते, म्हणून आधी त्याच्याशी बोलावे. तरीही काम पुढे सरकले नाही, तर तो तक्ता घेऊन गाइडकडे जावे, आणि तेही सबमिशनच्या आदल्या दिवशी नव्हे, तर काम नव्याने वाटता येईल इतका वेळ हाताशी असताना.