परदेशात बसून भारतातली नोकरी: निघण्यापूर्वी काय ठरवावे

परदेशात राहून भारतातली नोकरी करायची असेल, तर देश सर्वांत शेवटी निवडावा. बहुतेक जण नेमके उलट करतात. आधी एखादा समुद्रकिनारा मनात भरतो, मग विमानाचे तिकीट निघते, आणि कंपनीची परवानगी, व्हिसा, कर व बैठकांच्या वेळा या गोष्टी तिथे पोचल्यावर एकेक करून अंगावर येतात. अशा राहण्याचे फायदे खरे आहेत, पण ते एका जागी मुक्काम ठोकणाऱ्याला मिळतात, दर आठवड्याला गाव बदलणाऱ्याला नाही. तोटे मात्र मुख्यतः कागदपत्रांचे आणि घड्याळाचे असल्यामुळे त्यांतले बरेचसे घरी असतानाच निस्तरता येतात. पुढील सूचना पगारदारांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. उदाहरण उत्तर थायलंडमधील चियांग माईचे घेतले आहे, कारण भारतीय पासपोर्टवर तिथे रीतसर राहणे इतर अनेक देशांच्या मानाने सोपे आहे.

पहिली पायरी कंपनीची. घरून काम करण्याची मुभा म्हणजे परदेशातून काम करण्याची मुभा नव्हे. कर्मचारी दुसऱ्या देशात बसून काम करू लागला, की तिथे कंपनीचे कायमस्वरूपी आस्थापन, म्हणजे कराच्या दृष्टीने तिची शाखाच, आहे असा अर्थ त्या देशाचे करखाते लावू शकते. शिवाय ग्राहकाशी झालेल्या करारात त्याचा डेटा भारताबाहेरून हाताळण्यास मनाई असू शकते. त्यामुळे साहेबांनी चहा पिता पिता दिलेला होकार पुरेसा समजू नये. देशाचे नाव, जाण्या-येण्याच्या तारखा, सोबत नेण्याचा लॅपटॉप आणि कामाच्या वेळा या चार गोष्टींचा उल्लेख असलेली परवानगी ई-मेलवर घ्यावी आणि माहिती-सुरक्षा विभागालाही कळवावे, कारण अनोळखी देशातून लॉगिन झाले की खाते आपोआप बंद पडेल अशी व्यवस्था अनेक कंपन्यांत असते. व्हीपीएन लावून पुण्यातच असल्याचे भासवावे, असा सल्ला समाजमाध्यमांवर सर्रास मिळतो. तो ऐकण्यापेक्षा न गेलेले बरे.

व्हिसाच्या बाबतीत जाहिराती वाचून हुरळून जाऊ नये. जपानने मार्च २०२४ मध्ये अशा लोकांसाठी सहा महिन्यांची सोय सुरू केली, पण ज्या देशांच्या यादीला ती लागू आहे तीत भारत नाही. इंडोनेशियाला वर्षाला ६०,००० डॉलरचे उत्पन्न दाखवावे लागते, पोर्तुगालला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट. जुलै २०२४ मध्ये आलेला थायलंडचा डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) उत्पन्नाऐवजी शिल्लक पाहतो: अर्जदाराच्या खात्यात ५ लाख बाट, म्हणजे रुपयांत १४ लाखांच्या आसपास रक्कम, आणि थायलंडबाहेरच्या कंपनीत नोकरी असल्याचा पुरावा लागतो. व्हिसा पाच वर्षे चालतो आणि प्रत्येक प्रवेशावर १८० दिवस राहता येते. थाई कंपनीची नोकरी मात्र त्यावर करता येत नाही. अर्ज थायलंडबाहेरूनच करायचा असतो. पर्यटक म्हणून शिरून लॅपटॉप उघडणारे पुष्कळ भेटतील, पण कंपनीची परवानगी घेऊन गेलेल्याची स्थिती त्यांच्यासारखी नसते: कंपनीच्या वकिलाने व्हिसाचा प्रकार विचारला, तर खरे उत्तर द्यावे लागते.

आता कर आणि हवामान, कारण चियांग माईच्या बाबतीत या दोहोंचे उत्तर एकच निघते. भारतात एका आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस राहिलात, तर तुम्ही निवासी ठरता आणि जगभरातील उत्पन्न इथे करपात्र होते. थायलंड जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष मोजतो, त्यात १८० दिवस भरले की तिथला निवासी करदाता ठरवतो, आणि १ जानेवारी २०२४ पासून अशा निवासींनी बाहेर मिळवून देशात आणलेल्या उत्पन्नावर कर मागतो. चियांग माई डोंगरांच्या कुशीतल्या खोऱ्यात वसलेले आहे. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत शेतातला पेंढा आणि आजूबाजूची जंगले जळतात आणि तो धूर खोऱ्यात अडकून राहतो. दम्याच्या रुग्णांनी त्या काळात तिकडे फिरकूच नये. म्हणून भाऊबीज आटोपून नोव्हेंबरात निघावे आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला परतावे. हवा थंड आणि कोरडी मिळते, भारतातला निवासी दर्जा जसाच्या तसा राहतो आणि थाई वर्षाची मर्यादाही दूर राहते. याहून लांब राहायचे असेल, तर दोन देशांमधील दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आपल्याला कसा लागू पडतो, हे सनदी लेखापालाकडून लेखी समजून घ्यावे.

घड्याळाचा हिशेब कागदावर मांडावा. थायलंड भारताच्या दीड तास पुढे आहे. कार्यालयाची वेळ दहा ते सात असेल, तर तिथे ती साडेअकरा ते साडेआठ होते आणि रोजची सकाळ पूर्णपणे मोकळी मिळते. माझ्या मते या राहण्याचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे: बाजार, पोहणे, देवळे, थाई भाषेची शिकवणी, सगळे कामाआधी उरकते. ग्राहक अमेरिकेचा असेल, तर मात्र हाच दीड तास वैरी होतो. न्यूयॉर्कची सकाळी नऊची बैठक चियांग माईत अमेरिकेच्या उन्हाळी वेळेनुसार रात्री आठला आणि हिवाळ्यात रात्री नऊला सुरू होते. आपला सुचवलेला काळ नेमका हिवाळ्यातला आहे. अशांनी पश्चिमेकडे पाहावे. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी भारताच्या दीड तास मागे आहे आणि पोर्तुगालमधल्या लिस्बनमध्ये ती बैठक एरवी दुपारी दोनला येते. मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात अमेरिका आणि युरोप निरनिराळ्या दिवशी घड्याळे बदलतात, त्या थोड्या दिवसांत ती एकला येते, एवढे लक्षात ठेवावे.

खोली आधीच तीन महिन्यांसाठी ठरवू नये. पहिला आठवडा साध्या हॉटेलात काढून निम्मान भागातल्या किंवा जुन्या शहराच्या आसपासच्या खोल्या प्रत्यक्ष पाहाव्यात. घरमालकाच्या देखत इंटरनेटचा अपलोडचा वेग मोजावा, कारण डाउनलोडचा आकडा चांगला असूनही व्हिडिओ बैठकीत आवाज तुटू शकतो. टेबल जेवणाचे आहे की कामाचे, आणि खुर्चीला पाठ आहे का, तेही बघावे. रोज आठ तास पलंगावर बसून काम केल्यावर महिन्याभरात कंबर बोलू लागते. विजेचा दर युनिटमागे किती ते करारात लिहून घ्यावे, कारण अनेक इमारतींत तो सरकारी दरापेक्षा बराच जास्त लावतात. परदेशी भाडेकरू आल्याची सूचना मालकाने चोवीस तासांत इमिग्रेशनला द्यायची असते. तिची पावती मागून घ्यावी. सलग मुक्काम नव्वद दिवसांपुढे गेला, की पत्त्याची नोंद तुम्हाला स्वतः करावी लागते. आणि एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: आपल्या लॅपटॉपची जाड, गोल अशा तीन पिनांची प्लग तिथल्या भिंतीत बसत नाही, तेव्हा अडॅप्टर इथूनच न्यावा.

शाकाहारी मंडळींची पंचाईत माशाच्या सॉसमुळे होते, कारण तो भाजीतही घालतात. पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षर असलेली ‘जे’ खानावळ शोधावी. तिथे मांस-मासे तर नसतातच, पण कांदा-लसूणही वर्ज्य असतो.

पैशांसाठी निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू करावा आणि भारतीय सिमवर रोमिंग चालू ठेवावे. ओटीपी आला नाही, तर पगार खात्यात असूनही हाती लागत नाही. परदेशी कार्डावर एटीएममधून पैसे काढताना दर वेळी दोनशे बाटांहून अधिक शुल्क कापले जाते, म्हणून थोडथोडे काढू नयेत.

आपला नेहमीचा मेडिक्लेम सहसा परदेशात चालत नाही, तेव्हा संपूर्ण मुक्कामाचा प्रवास विमा वेगळा घ्यावा. चियांग माईत स्कूटर भाड्याने सहज मिळते, पण दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना जवळ नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. हा परवाना आपल्या आरटीओतून मिळतो.

एवढे करूनही जे तोटे उरतात, ते कागदाने मिटत नाहीत. कार्यालयातले बरेच निर्णय बैठकीनंतरच्या गप्पांत होतात आणि त्या गप्पांत तुम्ही नसता. म्हणून वरिष्ठांशी आठवड्यातून एकदा, कामाचा अहवाल सोडून, मोकळेपणाने बोलण्याची वेळ ठरवून घ्यावी. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी मात्र शक्यतो भारतात असावे. घरी वयस्कर आई-वडील असतील, तर त्यांच्या डॉक्टरांचा क्रमांक, औषधांची यादी आणि विम्याची कागदपत्रे शेजारच्या किंवा नात्यातल्या एका जबाबदार व्यक्तीकडे देऊन ठेवावीत, आणि ऐन वेळच्या परतीच्या तिकिटाचे पैसे हात न लावता बचत खात्यात वेगळे ठेवावेत.