बांधलेलं इंजिन पुन्हा जाम झालं तर

आयटीआय झाल्यावर कसबा पेठेतल्या एका गॅरेजात मी शिकायला लागले आणि दीड वर्षाने मामाच्या जुन्या बजाज चेतकचं इंजिन माझ्याकडे आलं. पूर्ण इंजिन एकटीने बांधायची ती पहिली वेळ. ब्लॉकला बोअर मारून घेतला, म्हणजे सिलिंडर आतून कापून किंचित मोठा केला. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सील सगळं नाना पेठेतून नवं आणलं. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. मामा पेढे घेऊन आला. चौथ्या दिवशी दिवे घाट चढताना मागचं चाक एकदम लॉक झालं. क्लच दाबला म्हणून पडले नाही. इंजिन बांधल्यापासून गाडी जेमतेम 42 किलोमीटर चालली होती.

यानंतर मी जे केलं ते शिकाऊ मुलं हमखास करतात, म्हणून नीट सांगते. जे खराब झालं तेवढं बदललं. पुन्हा बोअर, पुढच्या ओव्हरसाइझचा पिस्टन. चेतक टू-स्ट्रोक, तिचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. ऑइल कमी पडलं असेल म्हणून पेट्रोलच्या लिटरमागे 20 मिली टू-टी ऑइल घालत होते, ते 40 केलं. ही तर दुहेरी चूक. कार्बोरेटरच्या जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, जाणारं मिश्रण तेवढंच असतं. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोलचा वाटा घटतो आणि इंजिनाला मिळणारा खुराक आणखी पातळ होतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. त्याच रस्त्यावर इंजिन दुसऱ्यांदा जाम झालं. मामाचे दोन पिस्टनचे पैसे गेले. तो एका शब्दाने बोलला नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

गॅरेजवाले काका तेव्हा म्हणाले, "पिस्टन धुऊ नकोस. आधी वाच."

पिस्टन खरंच वाचता येतो. चारही बाजूंना उभे ओरखडे असतील तर पिस्टन ब्लॉकपेक्षा आधी फुगला: बोअर घट्ट आहे किंवा थंड इंजिन ताणलं. चेतकचा ब्लॉक बिडाचा आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. पिस्टनच्या डोक्याच्या कडेला वाळू मारल्यासारखे खड्डे दिसले तर ठिणगीच्या टायमिंगचा संशय घ्या. मॅग्नेट म्हणजे क्रँकच्या टोकावरचं, ठिणगीसाठी वीज बनवणारं चाक; त्याला जागेवर धरणारी अर्धचंद्र चावी सरकली का ते बघा. माझ्या दोन्ही पिस्टनवर ॲल्युमिनियम फक्त एक्झॉस्टच्या बाजूला फासलं गेलं होतं. म्हणजे मिश्रण पातळ, उष्णता जास्त. कार्बोरेटर मी तीनदा साफ केला होता, जेट कंपनीच्याच मापाचे होते. मग जादा हवा येत होती कुठून?

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे क्रँक ठेवायची नुसती पेटी नाही, तो पंप आहे. पिस्टन वर जाताना मिश्रण आत ओढतो, खाली येताना दाबून वर पाठवतो. क्रँकच्या दोन टोकांना रबरी सील असतात; त्यांपैकी मॅग्नेटकडचं गळलं की बाहेरची कोरडी हवा आत शिरते. क्लचकडचं गळलं तर गिअर ऑइल ओढलं जातं, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो आणि गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होत जातं. ते लवकर कळतं. हवेची गळती मात्र गोड बोलून घात करते. माझी गाडी ॲक्सिलरेटर सोडल्यावरही रेस लगेच उतरवत नव्हती. मला वाटलं, इंजिन छान मोकळं झालंय! असं झालं तर थोडा चोक ओढून बघा. रेस जागेवर आली तर मिश्रण पातळ आहे, आणि त्या गाडीवर घाट चढू नका.

काकांनी तपासायची रीत दाखवली, ती मी आजही प्रत्येक टू-स्ट्रोकवर वापरते. जुन्या स्पार्क प्लगमधली चिनीमाती फोडून त्यात नळी बसवायची आणि तिला बीपी मोजायच्या यंत्राचा फुगा व डायल जोडायचा. मॅग्नेट आणि त्यामागची कॉइलची प्लेट काढायची. पिस्टन अगदी खाली आणायचा, म्हणजे पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली भोकं) उघडून वरची-खालची जागा एक होते. एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरचं तोंड रबराने घट्ट बंद करायचं. मग डायलवर 300 येईपर्यंत हवा भरायची. म्हणजे जवळपास 6 पीएसआय. त्याहून फार पुढे जाऊ नका, सीलच बाहेर ढकललं जाईल. पाच मिनिटांत काटा 250 च्या खाली आला तर साबणाचं पाणी घेऊन शोधायला लागा: पॅकिंग, केसचा सांधा, सील. क्लचकडचं सील आत दडलेलं असतं, म्हणून गिअर ऑइल भरायच्या भोकावर साबणाचा पडदा धरायचा. तो फुगला की समजायचं.

माझा काटा मिनिटभरात शून्यावर आला. मॅग्नेटकडच्या सीलवर फेसच फेस. सील काढून उन्हात धरलं तर ओठावर बारीक चीर. क्रँकच्या चावीच्या खाचेवरून ते मी कोरडंच दाबलं होतं; धारेने ते कापलं होतं. आता खाचेवर टेपचा एक वेढा देते, ओठाला ग्रीस लावते, मगच सील सरकवते.

पुन्हा जोडण्याआधी केस पूर्ण उघडून रॉकेलने धुवा. फासलेल्या ॲल्युमिनियमचे कण बेअरिंगमध्ये जातात. चेतकमध्ये क्रँकचं पातंच इनटेकचं भोक उघडतं-झाकतं, त्यामुळे त्या भोकाभोवतीच्या पृष्ठभागावर ओरखडे नाहीत ना, हेही बघा. बोअरनंतर पोर्टच्या कडा घासून बोथट केल्यात ना, नाहीतर रिंग अडकून तुटते. रिंग ब्लॉकमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने मोजा, 0.2 ते 0.35 मिलिमीटर ठीक. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. ऑइल पुन्हा लिटरला 20 मिली.

तिसऱ्या वेळी काटा पाच मिनिटं 300 वरून हलला नाही. पहिले काही दिवस गाडी गावातच, थांबत थांबत चालवली. मग दिवे घाट. माथ्यावर गाडी बंद केली, प्लग उघडला: बदामी, कोरडा. तिथूनच मामाला फोन लावला. तो म्हणाला, "सासवडला पोचतेसच, तर येताना अंजीर आण."