गाडी गरम होतेय? पार्ट बदलायच्या आधी ती कधी गरम होते ते बघा

टेम्परेचरचा काटा वर गेला की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर "जवळच आलोय, पोचू" म्हणून तशीच दामटतात, नाहीतर घाबरून थांबतात आणि थांबल्या थांबल्या रेडिएटरचं झाकण उघडायला जातात. पहिल्यात इंजिन जातं, दुसऱ्यात हात आणि तोंड भाजतं. म्हणून आधी रस्त्यात काय करायचं ते सांगतो, मग कारण कसं शोधायचं ते.

काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकायला लागला की पहिले एसी बंद करा, हीटर फुल गरमवर टाका, ब्लोअर फुल स्पीडला आणि काचा खाली. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण हीटरच्या आत एक छोटा रेडिएटरच असतो, इंजिनचं गरम कुलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) त्यातून फिरतं, म्हणजे थोडी उष्णता तिकडून बाहेर काढता येते. तेवढ्याने काटा खाली आला तर सावकाश एखाद्या सुरक्षित जागी पोचून थांबता येतं. पण काटा लाल पट्ट्यात गेला असेल, लाल दिवा लागला असेल किंवा बोनेटमधून वाफ येत असेल तर हे काही करत बसू नका, गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. हल्लीच्या बहुतेक इंजिनांचं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं, ते जास्त तापलं की वाकतं, आणि मग जे काम एका पाईपवर किंवा फ्यूजवर भागलं असतं ते हेड उतरवण्यापर्यंत जातं.

काटा वर जाऊन अचानक खाली पडला तर खूश होऊ नका. टेम्परेचरचा सेन्सर कुलंटमध्ये बुडालेला असावा लागतो, कुलंट संपलं की तो हवेत उघडा पडतो आणि काहीही दाखवतो. त्याच वेळी गरमवर ठेवलेला हीटर गार हवा फेकायला लागला असेल तर नक्की समजा की आत कुलंट उरलेलं नाही किंवा फिरत नाहीये.

आता झाकण. चालू कुकरचं झाकण कोणी उघडत नाही, इथे मात्र सगळ्यांना घाई असते. कुलंट आणि पाणी अर्धं-अर्धं असलं तर ते उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं, आणि हे झाकण आत साधारण १ बार दाब धरून ठेवतं त्यामुळे उकळायची पातळी १२५ अंशांच्याही पुढे जाते. म्हणजे आतलं कुलंट ११०-११५ अंशांवर असूनही शांत बसलेलं असतं, तुम्ही झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते सगळं एकदम उसळून तुमच्या अंगावर येतं. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. मग रेडिएटरकडे जाणारा वरचा जाड पाईप कापडाने धरून दाबून बघा, कडक लागला तर आत अजून दाब आहे, झाकणाला हात लावू नका. मऊ झाला की जाड फडकं टाकून झाकण हळूहळू सैल करा. गरम इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही, ना आत ना बाहेरून, धातूला तडा जातो. आणि हो, काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही इलेक्ट्रिक फॅन आपोआप सुरू होतो, त्यामुळे बोटं, ओढणी, शर्टाची बाही तिथून लांब ठेवा.

आता मुख्य मुद्दा. गाडी गरम होते एवढं सांगून काही कळत नाही, कधी गरम होते ते सांगितलं की निम्मं निदान झालं. गॅरेजला गेल्यावर तुम्हाला हे विचारलंच नाही आणि थेट वॉटर पंप बदलायला काढला तर सरळ दुसरं गॅरेज शोधा.

सगळ्यात आधी, कुठलीही डोकेफोड करण्याआधी, गार इंजिनवर कुलंटची लेव्हल बघा. कुलंटच्या बॉटलवर मिन आणि मॅक्सच्या खुणा असतात, लेव्हल त्यांच्या मध्ये हवी, आणि ज्या गाडीला रेडिएटरवर वेगळं झाकण आहे तिथे ते उघडून आतही बघा कारण बॉटल भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं होऊ शकतं. झाकणाचं रबर फाटलं किंवा त्यातला छोटा वॉल्व्ह अडकला की गरम असताना कुलंट बॉटलमध्ये जातं पण गार झाल्यावर परत ओढलं जात नाही. गार गाडीचा वरचा पाईप चपटा झालेला दिसला तर बऱ्याचदा हेच असतं. सगळ्यात स्वस्त पार्ट आहे, आणि सगळ्यात शेवटी बघितला जातो.

लेव्हल कमी असेल तर कुलंट कुठेतरी गेलंय, हवेत विरत नाही ते. गळती सुकली की पांढरट, हिरवट किंवा गुलाबीसर खपली राहते, ती शोधा: पाईपच्या टोकाला क्लिपखाली, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जोडलेली असते त्या शिवणीवर, वॉटर पंपाच्या खाली. पंपाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की तिथून ठिबकतं, ते भोक बंद करायचं नसतं, पंप बदलायचा असतो. गाडीच्या आत गोडसर वास, काचेवर आतून तेलकट धुकं, पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं, असं असेल तर हीटरचा कोर, म्हणजे हीटरमधला तो छोटा रेडिएटर, गळतोय.

थांबलं की गरम, पळवली की ठीक

ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि रस्ता मोकळा मिळाला की उतरतो, ही फॅनची केस समजा. वेगात असताना समोरून येणारा वाराच रेडिएटर गार करतो, थांबल्यावर सगळी भिस्त फॅनवर. तपासायला सोपं आहे, इंजिन चालू करून एसी लावा, बहुतेक गाड्यांत लगेच किंवा थोड्या वेळात फॅन फिरायला हवा. नाही फिरला तर आधी फ्यूज बघा, मग रिले (फॅनचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच). रिलेच्या डबीत तसाच, त्याच नंबरचा दुसरा रिले असतो (हॉर्नचा वगैरे), तो अदलाबदल करून बघा, फॅन सुरू झाला तर काम झालं. तरी नाही तर फॅनचा कप्लर (वायरचा जोड) काढून बॅटरीवरून मध्ये फ्यूज असलेल्या वायरने थेट १२ व्होल्ट द्या. थेट दिल्यावर फिरतो म्हणजे मोटर चांगली आहे, दोष वायरिंग, रिले किंवा सेन्सरमध्ये, आणि थेट देऊनही फिरत नाही किंवा हाताने ढकलल्यावर कसाबसा फिरतो तर मोटर गेली. अजून एक, बऱ्याच गाड्यांत टेम्परेचर सेन्सरचा कप्लर काढला की कॉम्प्युटर घाबरून फॅन फुल चालू करतो, तसं झालं आणि एरवी गरम होऊनही फॅन लागत नसेल तर संशय सेन्सरवर.

काही गाड्यांत फॅन बेल्टवर आणि मध्ये व्हिस्कस कपलिंग असते, म्हणजे गरम झाल्यावर फॅनला घट्ट पकडणारा जोड. गाडी तापवून इंजिन बंद करा, मग फॅन हाताने फिरवा, त्याने जरा अडायला हवं. एका धक्क्यात गरगर फिरत राहिला तर कपलिंग संपली.

फॅन मस्त फिरतोय तरी उभ्या गाडीत गरम होत असेल तर रेडिएटरच्या समोर बघा. समोर एसीचा कंडेन्सर असतो, मागे रेडिएटर, आणि दोघांच्या मधल्या फटीत धूळ, किडे, पानं, पिसं असा थर बसतो जो समोरून दिसतच नाही. टॉर्च घेऊन वरून बघा. धुताना इंजिनकडून बाहेरच्या दिशेने, साध्या नळाच्या धारेने धुवा, प्रेशर वॉशरने जाळीच्या पात्या वाकतात आणि मग वाराच जात नाही.

पळवली किंवा चढ लागला की गरम

हे उलट. शहरात ठीक, पण लांब चढ किंवा सलग वेग ठेवला की काटा चढायला लागतो. इथे वारा भरपूर आहे, म्हणजे कमी पडतंय ते कुलंटचं फिरणं किंवा रेडिएटरची ताकद. वर्षानुवर्षं नळाचं पाणी टाकून चालवलेल्या गाडीत रेडिएटरच्या बारीक नळ्या क्षाराने आणि गंजाने तुंबतात. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर गाडी तापल्यावर इंजिन बंद करून जाळीवर सगळीकडे मारून बघा, जिथे मध्येच गार पट्टा सापडतो तिथून कुलंट जात नाहीये. खालचा पाईप पण बघा. रेस वाढवल्यावर तो आत ओढला जाऊन चपटा होत असेल तर पंप खेचतोय आणि मागून येत नाहीये, म्हणजे पाईप मऊ पडलाय किंवा रेडिएटर तुंबलाय.

वॉटर पंप बेल्टवर असेल तर बेल्ट तुटल्यावर बॅटरीचा लाल दिवा आणि काटा जवळजवळ एकदमच वर येतात, कारण अल्टरनेटरही त्याच बेल्टवर असतो. असं दिसलं तर लगेच इंजिन बंद करा, "फक्त बॅटरी गेली असेल" म्हणून पुढे जाऊ नका. बेल्ट शाबूत असूनही पंप आतून मेलेला असू शकतो, काही पंपांची पाती प्लास्टिकची असतात, ती तुटतात किंवा दांड्यावर सैल फिरतात, बाहेरून सगळं छान दिसतं.

चालू केल्यावर थोड्याच वेळात गरम

कुलंट पुरेसं आहे आणि तरी गार गाडी चालू केल्यावर थोड्याच अंतरात काटा वर जातो, तर पहिला संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापल्यावर उघडून कुलंट रेडिएटरकडे सोडणाऱ्या वॉल्व्हवर, तो बंद अवस्थेत अडकला असेल. गार इंजिन चालू करा आणि ज्या पाईपावर थर्मोस्टॅट आहे (बऱ्याच गाड्यांत वरचा) त्याला मधून मधून हात लावत राहा. आधी तो गारच राहतो, मग थर्मोस्टॅट उघडला की एकदम गरम होतो. काटा वर चाललाय आणि पाईप गारच आहे तर तो उघडत नाहीये. काढून खात्री करायची असेल तर एका भांड्यात पाणी घेऊन त्यात दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर ठेवा आणि पाणी तापवा. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा छापलेला असतो, त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि पुढे १०-१५ अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. खळाखळा उकळत्या पाण्यातही जो मिटून बसतो तो फेकून द्या. नवा लावताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, आणि त्यावर हलणारी छोटी पिन असेल तर ती वरच्या बाजूला, तिथून हवा निघते.

इथे एक सल्ला हमखास मिळतो, "थर्मोस्टॅट काढूनच टाका, कटकट नको". नका काढू. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, झीज वाढते, आणि काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटच बायपासचा रस्ता बंद करतो, तो काढला की कुलंट रेडिएटरला न जाता आतल्या आत गोल फिरतं आणि गाडी आधीपेक्षा जास्त गरम होते. तसंच ते गळती बंद करायचं औषध, ते रेडिएटरच्या भोकासोबत हीटरच्या नळ्याही बंद करतं. अडकलात तर ठीक, इलाज म्हणून नको.

कुलंट बदलल्यावर किंवा कुठलंही काम झाल्यावरच गरम व्हायला लागली असेल तर एअर लॉक, आत हवा अडकली आहे. गाडीचं तोंड चढावर ठेवा, हीटर फुल गरमवर, गार इंजिनवर झाकण उघडं ठेवून चालू करा, बुडबुडे निघत राहतील तसं भरत राहा. हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की बंद करा. हीटरमधून गरमागरम हवा यायला लागली म्हणजे जमलं. मग झाकण लावून फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा.

आणि हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि त्याखालच्या इंजिन ब्लॉकच्या मधलं सील. ते गेलं असेल तर लक्षणं अशी. गळती कुठेच नाही पण कुलंट कमी होतंय, गार गाडी चालू केल्या केल्या पाईप कडक होतो, झाकण उघडं ठेवून चालू केल्यावर बुडबुडे थांबतच नाहीत, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, डिपस्टिकवर ऑईल दुधाळ. सगळी लक्षणं एकदम येतीलच असं नाही. फक्त ऑईलच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस बघून हादरू नका, नुसत्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो दमटपणाने येतो. खात्रीसाठी ब्लॉक टेस्टर असतो, त्यातलं निळं द्रव्य रेडिएटरच्या तोंडावर धरून हवा खेचायची, इंजिनचा जळका गॅस कुलंटमध्ये येत असेल तर ते पिवळं होतं. झालंच पिवळं तर हेड उतरवावं लागणार, आणि उतरवल्यावर ते सपाट आहे का हे मोजून घ्यायला सांगा, नुसतं गॅस्केट बदलून वाकलेलं हेड परत बसवलं तर सगळा खर्च पुन्हा.

भरताना कुलंट कुठलं ते गाडीच्या पुस्तकात बघा, रंगावर जाऊ नका, एकाच रंगात वेगवेगळे प्रकार येतात आणि चुकीचे मिसळले की गाळ होऊ शकतो. पाणी डिस्टिल्ड. नुसतं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कुलंट) भरू नका, ते उष्णता पाण्याइतकी वाहून नेत नाही. रस्त्यात अडकलात तर साधं पाणी चालेल, पण नंतर काढून नीट भरा. जुनं कुलंट जमिनीवर ओतू नका, चवीला गोड असतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांना ते विष आहे.

काम झाल्यावर पुढचे काही दिवस सकाळी गाडी गार असताना बॉटलची लेव्हल बघत जा, पेनने खूण करून ठेवा. पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी खाली आली तर उरलेली हवा निघाली असेल, टॉप-अप करा. त्यानंतरही खाली जात राहिली तर परत गळती शोधायला लागा.