बाइकच्या टाकीचा रंग कोण खातं?
दगडांपेक्षा जास्त रंग आपल्याच जॅकेटची झिप आणि सकाळचं कोरडं फडकं खातं. पुण्याची धूळ म्हणजे बारीक वाळूच; आधी पाणी मारा, मग ओलं मायक्रोफायबर फिरवा. गुडघे घासतात त्या टाकीच्या बाजू आणि पट्ट्याचं बकल लागतं तो मागचा भाग, एवढ्यालाच पारदर्शक पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी चिकट फिल्म, लावली तरी पुरते. अख्खी गाडी गुंडाळायची हौस खिसा बघून. मागताना ‘टीपीयू’ या लवचिक प्लास्टिकचंच मागा, साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाडीचं. स्वस्तातलं पीव्हीसी उन्हात पिवळं पडतं. शाम्पूच्या पाण्यावर सरकवत बसवा, बुडबुडे मधून कडेला काढा. कात्रज घाटात पुढचं चाक इंजिनावर खडी उडवतं, त्यासाठी मडगार्डला एक्स्टेंडर, म्हणजे ते खाली वाढवणारा जोडतुकडा. खडीच्या डंपरमागे मात्र कुठलीच फिल्म कामाची नाही, अंतर ठेवा.